एका मिनिटाची फुली

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आमच्या गावच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, रांगेतल्या पंचवीस-तीस बायांसमोर बोललात. "एका मिनिटात मत टाकायचं, नसता बाहेर काढीन, तसा नियमच आहे," हे तुमचेच शब्द. मी, बबिता, दाराच्या आत उभी होते. माझ्यापुढं मत टाकायला गेलेली बाई माझी सासू, चांगुणाबाई. मी तिला आत्याबाई म्हणते.

तुम्ही मतदान घ्यायला उदगीरहून आलेले, तुम्हाला आमचं घर काय माहीत? तुमच्या टेबलासमोर पॅनलचे एजंट म्हणून बसलेले शेषेराव माझे थोरले मामंजी, म्हणजे आत्याबाईचे थोरले दीर. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं तोंडावर पदर ओढते, त्याच्याशी बोलत नाही. तोही तिच्याशी बोलत नाही. बोलायचंच झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं बोलतो. बेचाळीस वर्षं या दोघांत एक शब्द नाही.

ग्रामपंचायतीच्या मतदानाआधी आठ दिवस मामंजींच्या ओसरीवर पुठ्ठ्याचं मशीन ठेवलेलं होतं. वार्डात जागा तीन, म्हणून बटनं तीन दाबायची. भावकीतल्या सगळ्या बायांची तिथं तालीम झाली. छत्री, कपबशी, नारळ, ही पॅनलची तीन चिन्हं. "टक, टक, टक! तव्यावरची भाकर उलथायच्या आत झालं पाह्यजे," मामंजी म्हणायचे. आम्हाला वाटलं, अडाणी बायांची काळजी करतात.

आत्याबाईला छत्री कबूल होती, नारळही कबूल होता. कपबशी नव्हती. कपबशीच्या विरोधात सिंधू उभी होती, शिवणयंत्र हे चिन्ह घेऊन. सिंधू शाळेत खिचडी शिजवते. खालच्या गल्लीचा नळ दोन महिने कोरडा पडला तेव्हा तिनंच रिकाम्या घागरी पंचायतीच्या दारात मांडल्या आणि पाणी येईस्तोवर उठली नाही.

"आजवर ते सांगतील थितं दाबलं," आत्याबाई मला चुलीपुढं म्हणाली होती. "यंदा ह्ये एक माझं."

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. टक्क. छत्री झाली. मग काहीच नाही. तिन्ही दाबल्याबिगर मशीनची लांब शिट्टी वाजत नाही. पदर नाकापर्यंत ओढलेला, शिवणयंत्राचं चित्र दिसणार कसं? आणि पदर सारावा तर मामंजी समोरूनच बघत बसलेले.

तुम्ही घड्याळ बघितलंत. "मावशी, झालं का?"

"बघून राहिले, साहेब."

"त्यात काय बघायचं? अर्धं मिनिट गेलं."

मामंजी आढ्याकडं तोंड करून म्हणाले, "आठ दिस शिकिवल्यालं लोक इसरतेत कसं, म्हणावं."

रांगेत माझ्या मागं उभी असलेली अयोध्या हसली. "मावशे, पोरगी बघाया आलेले पाव्हणे बी इतका येळ लावत न्हाईत की!"

मी हसले नाही. मला मामंजींच्या मांडीवरची मतदारयादी दिसली. झटकन बाहेर आलेल्या बाईच्या नावापुढं बरोबरची खूण. वेळ लावलेल्या बाईच्या नावापुढं फुली. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. आत काय दाबलं ते मशीन सांगत नाही, साहेब, पण किती वेळ लागला ते सगळ्या वर्गाला दिसतं. पाठ केलेलं मत पाच सेकंदांत पडतं. आपल्या मनाचं मत शोधावं लागतं. ती तालीम त्यासाठी होती. आणि तुम्ही मोठ्यानं वेळ मोजून त्यांची यादी भरत होतात.

"आत्याबाई," मी ओरडले, "तुमचा येळ मोजून राहिलेत! यादीत फुली मारतेत!"

"एक मिनिट झालं! तू गप्प बस, नसता पोलिसाला बोलावतो," म्हणत तुम्ही उठलात आणि आडोशाकडं निघालात.

"अलीकडं येऊ नगा," आत्याबाई म्हणाली. तुम्ही थांबलात.

तिनं पदर डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला. मामंजींकडं सरळ बघितलं.

"भावजी, बेचाळीस वर्सं तुमच्यापुढं तोंड झाकलं. आज मला चित्र बघायचंय. फुली मारायची ना? मारा. लई मोठी मारा, लांबून दिसंल अशी."

ती वाकली, वरून एकेका चित्रावर बोट फिरवत खाली आली. टक्क. पुन्हा टक्क. लांब शिट्टी वाजली.

मग मी गेले. मला तिन्ही चित्रं पाठ होती, तरी चार मिनिटं उभी राहिले, तुमच्याच घड्याळानं. माझ्यामागं अयोध्या. "पोरगी पसंतच पडंना, साहेब," म्हणत तिनं पाच लावली. ज्यांचं मत पॅनललाच होतं त्या बायांनीही घाई केली नाही. साडेपाचला, मतदान संपायच्या वेळी, रांग शाळेच्या फाटकापर्यंत होती. तुम्हाला उरलेल्यांना चिठ्ठ्या वाटाव्या लागल्या. यादीत इतक्या फुल्या झाल्या की मामंजींनी ती घडी करून खिशात घातली. कोण फुटलं, कोण नाही, आता ओळखा म्हणावं.

नियमांचं पुस्तक तुमच्या टेबलावरच होतं. मी म्हणाले, पान दाखवा. तुम्ही त्यावर पाण्याची बाटली ठेवलीत.

आता पुन्हा विचारते. एका मिनिटाचा नियम कुठल्या पानावर आहे? आणि नसेल, तर ते मिनिट तुम्ही कोणासाठी मोजलंत? बोला, साहेब.