डावीकडचा माणूस

अग्निशमन केंद्रामागच्या शेडमध्ये फरशीवर पांढरी पट्टी चिकटवून मोठा चौकोन आखला होता. पाय चौकोनाबाहेर जायला लागला की संभाजीनगरहून शिकवायला आलेली दिपा खांद्याला हात लावून माणसाला आत घ्यायची. डोळ्यांवर काळा डबा बांधायचा, हातात खऱ्या वजनाचं पाइपाचं तोंड द्यायचं, की डब्यात आग पेटायची. माणूस मोकळ्या फरशीवर वाकून, चाचपडत चालायचा आणि बाकीचे भिंतीवरच्या पडद्यावर त्याची आग बघत चहा प्यायचे. अग्निशामक दलाच्या माणसांना आगीशिवाय आग शिकवायची ही नवी रीत होती. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं.

विश्वंभर तिथला सगळ्यांत जुना फायरमन. सव्वीस वर्षांत त्यानं कडब्याच्या गंजी विझवल्या होत्या, उसाचे फड विझवले होते, हळदीच्या गोदामांतून माणसं काढली होती. धुरात पहिला तोच शिरायचा आणि बाहेर येऊन "खाली हाय" असं तोच सांगायचा. आत कुणी राहिलेलं नाही, असा त्याचा अर्थ. एकदा त्यानं म्हटलं की पुढं कुणी विचारत नसे. त्याच्या जोडीचा हरीश चार वर्षांपूर्वी लागलेला. तो त्याला मामा म्हणायचा आणि त्याचा शब्द प्रमाण मानायचा.

डब्यातलं गोदाम थेट खऱ्यासारखं होतं. पोत्यांच्या थप्प्या, वर साचलेला काळा धूर, मधूनच पिवळी जीभ. विश्वंभर वाकून फिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "खाली हाय."

पडद्यावर लाल अक्षरं आली. एक माणूस आत राहिला.

पोरं हसली. तोही हसला. दुसऱ्या खेपेला त्यानं माणूस लगेच शोधला. तिसऱ्या खेपेला पुन्हा चुकला, चौथ्याला सापडला, पाचव्याला पुन्हा लाल अक्षरं. आता कुणी हसलं नाही. हरीश चहाचा कप घेऊन उगाच दाराकडं बघत राहिला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर दिपानं त्याला थांबवलं. "काका, एक दाखवायचंय. बसा जरा."

तिनं लॅपटॉपवर गोदाम वरून दाखवलं. निळी रेघ म्हणजे तो चालला ती वाट. पिवळी खूण म्हणजे पडलेला माणूस. एक हिरवा ठिपका रेघेबरोबर सरकत होता, ती त्याची नजर. चुकलेल्या तिन्ही खेपांत निळी रेघ पिवळ्या खुणेच्या हातभर अंतरावरून गेली होती.

"तो माणूस हात हलवत असतो," दिपा म्हणाली. "उजवीकडे हलवला की तुमची नजर लगेच तिकडे जाते. डावीकडे तीन वेळा हलवला. एकदाही गेली नाही."

"तुमच्या मशीनमदी गडबड असंल."

"सगळ्यांना हाच डबा होता, काका." तिनं लॅपटॉप बाजूला सारला. "डोळे कधी तपासले होते?"

"मला पेपर बिगर चष्म्याचा वाचता येतो."

"समोरचं दिसत असेल. मी बाजूचं म्हणतेय. मी डॉक्टर नाही, पण परवा अहवाल द्यायचाय आणि त्यात हे लिहावं लागेल. त्याआधी तुम्ही दाखवून आलात तर बरं."

संध्याकाळी घरी जाताना तो मोटरसायकल रस्त्याच्या कडेकडेनं हाकत होता. डावीकडून एक ऑटो अंगाला घासल्यासारखा पुढं गेला आणि त्यानं दचकून हँडल वळवलं. ऑटो आला कुठून, हे त्याला कळलंच नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. ताटाच्या डावीकडचा पेला सांडायचा. वय झालं म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

आणि मग जानेवारीतली कापसाच्या जिनिंगची आग आठवली, तसा त्यानं गाडी थांबवून पाय खाली टेकवले.

भर दुपारी कापसानं पेट घेतला होता. विश्वंभर आत फिरून आला आणि "खाली हाय" म्हणाला. पाण्याचा मारा सुरू झाला. दहा मिनिटांनी मागच्या शटरखालून एक हमाल सरपटत बाहेर आला, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. कुरुंद्याचा पुंजाजी. दारू पिऊन गाठींमागं पडला असंल, असं मुकादम म्हणाला आणि त्याला कामावरून काढलं. कागदावरही तेच गेलं. विश्वंभरला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही काही सांगितलं नाही. सांगायला त्याच्याकडं होतंच काय?

घरी मिराबाई चुलीपुढं पिठलं हाटत होती. तो भिंतीला पाठ लावून बसला.

"इकडं ये जरा. उलथनं घे हातात."

"काहून?"

"ये म्हणतो ना."

त्यानं उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि समोरच्या कॅलेंडरवर नजर ठेवली. "माझ्या डाव्या कानापासनं उलथनं हळूहळू म्होरं आण. दिसलं की सांगतो."

ती आणत गेली. "आता?"

"न्हाई."

"आता तरी?"

"न्हाई."

विश्वंभरला वाटलं, तिनं हात खाली घेतला. त्यानं मान वळवली, तर उलथनं त्याच्या डाव्या गालापुढं वीतभरावर, तिच्या हातात तसंच होतं.

"कधीपासनं हाय हे?" तिनं विचारलं.

"तेच तर कळंना झालंय," तो म्हणाला.

पिठलं करपल्याचा वास आला तरी दोघंही उठली नाहीत. जानेवारीच्या आधी काय काय झालं असेल, कुठं कुठं तो "खाली हाय" म्हणाला असेल, हे तो बोटांवर मोजायला लागला. नांदेडच्या डोळ्याच्या दवाखान्यात उद्याच जायचं, असं मिराबाईनं ठरवून टाकलं.

पण सकाळी सुट्टीचा अर्ज घेऊन तो केंद्रावर पोचला आणि घंटा वाजली. तीन कोसांवरच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडबा पेटला होता. लागून शेळ्यांचा गोठा आणि कुडाचं घर. घरात म्हातारी झोपून असते म्हणे, ती बाहेर आली का नाही, कुणाला ठाऊक नव्हतं.

गाडीत बसेपर्यंत त्यानं अर्ज खिशातच ठेवला. हरीश शेजारी बसून मास्कचा पट्टा आवळत होता. रस्त्याचा एकेक दगड मागं पडत होता. अजून बोललो नाही, तर आत मलाच जावं लागंल, हे त्याला दिसत होतं.

"हरीश, आत तू जा. म्या न्हाई जाणार."

"काहून? बरं न्हाई का?"

"मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. त्या पोरीनं दाखवलं, अन् काल घरी म्याच पाह्यलं."

हरीश त्याच्याकडं बघत राहिला. त्याच्या मनात कोणती दुपार आली, हे विश्वंभरला न सांगता कळलं.

हरीश आत गेला. विश्वंभर पंपाशी उभा राहिला. सव्वीस वर्षांत बाहेर उभं राहून कुणाची वाट बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. शेळ्या ओरडत होत्या, कुडाच्या भिंतीतून धूर झिरपत होता. धुरातून हरीश बाहेर आला आणि त्यानं मास्क काढला.

"खाली हाय, मामा."

"भिंत धरून गेलता का? चारी भिंती?"

"व्हय. चारी."

"बाजेखाली?"

"पाह्यलं. बाजंवर बी, खाली बी."

तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. शेजारच्या शेतातून एक बाई धावत आली आणि म्हातारी आपल्याकडं बसलीय असं म्हणाली, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला. "खाली हाय" एवढ्या नुसत्या शब्दावर माणसं आगीकडं कशी पाठ फिरवतात, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

दुपारी तो नांदेडला गेलाच नाही. एसटीनं कुरुंद्याला उतरला आणि पुंजाजीचं घर विचारत गेला. पुंजाजी अंगणात हळद निवडत बसला होता. हातांची कातडी गुलाबी, ताणलेली, बोटं नीट मिटत नव्हती. विश्वंभरला बघून त्याचे हात थांबले.

"मला वळखलं का?"

"वळखलं," पुंजाजी म्हणाला. बस म्हणाला नाही.

विश्वंभरनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबा, हिरवा ठिपका, उलथनं. पुंजाजी ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "म्हंजी त्या दिवशी मी तुमाला दिसलोच न्हाई?"

"न्हाई."

"धूर वर होता. खाली हातभर मोकळं होतं. तुमचे बूट माझ्यापाशी आले, तुमच्या बॅटरीचा उजेड माझ्या अंगावरून गेला. म्या हात केला. घशातून आवाज निघंना." तो सुपातल्या हळकुंडांकडं बघत बोलत होता. "मला वाटलं, पाह्यलं यानं. अन् तुमी गेलात. दोन महिने झाले, मी इथं बसून हेच इचार करून राहिलो. यानं मला पाह्यलं, अन् हा गेला. काहून गेला असंल? असं काय होतं माझ्यात?"

विश्वंभर अंगणात खाली बसला. माफ कर म्हणायचं ठरवून आला होता, पण तो शब्द तोंडात फार लहान वाटला.

"अन् दारूचं?" त्यानं विचारलं.

"थेंब न्हाई पेलो त्या दिवशी. जेवून पाठ टेकली होती जरा."

"चल. मुकादमापुढं सांगतो. लेखी देतो."

पुंजाजीनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन सदरा घालून आला. तिथून दोघं जिनिंगच्या फाटकावर आले. मुकादमानं ऐकून घेतलं, कागद घेतला, चूक झाली म्हणाला नाही. सोमवारपासून वजनकाट्यावर बसायला ये, ओझं उचलायचं काम तुला जमणार न्हाई आता, एवढंच म्हणाला. पुंजाजीनं मान हलवली. तो आणखी थोडा वेळ तिथंच उभा होता, कुणी दारूविषयी काही बोलतं का याची वाट बघत. मग विश्वंभरनंच तिथल्या चार हमालांना मोठ्यानं सांगितलं, की चूक माझी होती, हा शुद्धीत होता.

केंद्रातल्या साहेबांपुढंही त्यानं तसंच लिहून दिलं. त्याची चौकशी अजून चालू आहे. दिपाच्या अहवालात त्याचं नाव आलं, पण त्याआधीच त्यानं स्वतः सांगितलं होतं. पुढं नांदेडला गेला तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, राहिलं ते थेंबांनी टिकवायचं. मोटरसायकल बंद झाली. मिराबाई रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालते आणि घातल्यावर जरा वेळ त्याचा चेहरा धरून ठेवते.

आता तो पंपाशी असतो. आत हरीश जातो. तो बाहेर येईपर्यंत विश्वंभर पंपाच्या काट्यावर नजर ठेवून उभा राहतो, आणि दर वेळी, हरीश काही बोलायच्या आत, चारी भिंतींचं विचारतो. हरीशला त्याचा राग येत नाही. तो एकेक भिंत मोजून सांगतो.