फुकटातलं भूत

देवदत्तला देखाव्यात घेण्यात भूपेशचा फायदाच फायदा होता. कात्रपच्या त्याच्या गणेश मंडळाचा यंदाचा जिवंत देखावा अंधश्रद्धेवर होता आणि त्यात भूतबाधा झालेला पोरगा हवा होता. नट आणायचा तर त्याला शिकवा, वर त्याचे नखरे सोसा. देवदत्तची मान सातवीपासून आपोआप झटके खायची, घशातून ‘हुक’ निघायचं. आयतं भूत. आणि देखाव्यांच्या स्पर्धेची ढाल आली, की मंडळाचं अध्यक्षपद भूपेशच्या खिशात.

देवदत्तला हवा होता मंडळाचा टी-शर्ट आणि कट्ट्यावर बसायला जागा. कॉलेजात त्याच्या शेजारी कुणी बसत नसे. घरी त्याने गावकऱ्याचा रोल म्हणून सांगितलं.

पण तालमीत पोरं त्याला चहा द्यायला लागली, ‘देवा’ म्हणायला लागली, आणि देवाची मान चक्क शांत झाली! भूपेश हबकला.

“अरे, चालू कर ना यार.”

“मुद्दाम नाय होत, भूपेशदादा. कोणी चिडवलं, टेन्शन आलं, की होतं.”

मित्र समजून सांगितलं बिचाऱ्याने.

परीक्षक आले. पडदा सरकला. देवदत्त नुसता उभा. मागच्या कनातीतून भूपेश हळूच म्हणाला, “ए हुक्क्या, टी-शर्ट काढून ठेव जाताना. तुला काय दोस्त म्हणून आणलाय?”

पोरं खिदळली. मान उडाली, खांदा उडाला, हुक, हुक. मुठी आवळून तो उभा राहिला. स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता, “हे भूत नाही, आजार आहे. रुग्णाला प्रेम द्या.”

“डोळ्यांत खरं पाणी! काय अभिनय!” परीक्षक यशोधराबाई म्हणाल्या.

“मनाला लावून घेऊ नको हां, देवा. ढालीसाठी बोललो,” भूपेशने पाठ थोपटली. देवदत्त फोटोत हसलासुद्धा.

घरी आईने, वेणूबाईने, दारातच पाण्याचा तांब्या हातात दिला. “मान नाही ना उडाली, बाळा? मी गणपतीला नारळ बोलले होते.”

मंडपात गिळलेलं सगळं तांब्यासकट आईच्या कपाळावर गेलं. मग तोच तिचा पदर जखमेवर दाबून रडत बसला. दवाखान्यात तिने सांगितलं, “फळी लागली.”

ढाल मंडळाला मिळाली, अध्यक्षपद भूपेशला. टी-शर्ट देवदत्तकडेच राहिला. परत मागायचं कुणाला आठवलं नाही. टाके वेणूबाईला पडले. ते काढल्यावर तिने बोललेला नारळही फोडला.