धुराआडची शपथ

मित्रांनो, वयाने मी आता म्हातारा, आणि जातीने चिमटा. फुलके उलटणारा घरगुती चिमटा नव्हे. लांब दांड्यांचा, स्टीलचा, शेगडीच्या मोठ्या तव्यावर सॉसेज उलटणारा. गुंडाबल गावच्या बागेत दरवर्षी सव्वीस जानेवारीला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय सणाला, बाहेरून आलेल्या लोकांना ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ देतात आणि शपथ झाली की प्रत्येकाला पावाच्या एका तुकड्यात एक सॉसेज देतात. शपथ नगराध्यक्षा देते. सॉसेज मी देतो. दोन्हींतलं काय लोकांच्या जास्त लक्षात राहतं, यावर मी माझ्या तोंडाने बोलणं बरं दिसत नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. तसं माझ्या दांड्यावर कोरलेलंच आहे. जन्मल्या जन्मल्या मला भावंडांसकट खोक्यात घालून जहाजावर चढवलं. समुद्र कसा असतो ते मला माहीत नाही. खोकं कसं असतं ते विचारा. गुंडाबलच्या हार्डवेअरच्या दुकानात मी एका खिळ्याला लटकत होतो. डावीकडे उंदराचा सापळा, उजवीकडे संडासाचा ब्रश. शेजारावरून कोणाची किंमत ठरत असेल, तर माझं भवितव्य काही फार उजळ नव्हतं.

तेवढ्यात डंको आला. डंकन पिटकर्न हे त्याचं पूर्ण नाव, पण ते फक्त बँकेला आणि दातांच्या डॉक्टरला माहीत होतं. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, टोपी कानांपर्यंत ओढलेला गडी. त्याने मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हा खरा ऑस्ट्रेलियन चिमटा." तैवान त्याच्या अंगठ्याखाली झाकलं गेलं होतं. मीही काही बोललो नाही.

तेव्हापासून बागेतली शेगडी डंकोची आणि डंकोचा मी. आमच्याकडे एक न लिहिलेला कायदा आहे. शेगडीपाशी ज्याच्या हातात चिमटा, त्याच्या कामात कोणी हात घालायचा नाही. बाकीच्यांनी बाजूला बाटली घेऊन उभं राहायचं, तव्याकडे गंभीरपणे बघायचं आणि अधूनमधून "झालेत वाटतं" एवढंच म्हणायचं. डंकोचा जिवलग मित्र ब्लूई. त्याने एकदा डंकोची बोट मागून नेली आणि बुडवून आला, डंको हसला. त्याच ब्लूईने एकदा मला उचलायला हात पुढे केला, तर दोघं ईस्टरपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

सॉसेज वाढता वाढता डंको नव्या नागरिकांना उपदेशही वाढायचा. "इथे कोणी कसं काय विचारलं तर बरंय म्हणायचं. घर जळालं तरी बरंय. बंब येऊन गेल्यावर हवं तर थोडं गरम झालं म्हणा." नवी माणसं मान डोलवायची. कोणी कोणी लिहूनही घ्यायचं.

मारिविक फिलिपिन्सहून आली आणि गावातल्या शाळेची बस चालवू लागली. त्यांच्याकडे थोरल्या भावाला 'कुया' म्हणतात, म्हणून ती त्याला कुया डंको म्हणे. पहिल्याच वर्षी ती बागेत मदतीला आली आणि डंकोने तिला कांदे चिरायला बसवलं. नवं माणूस कांद्यावरच बसतं. पण पुढच्या वर्षीही कांदा, त्याच्या पुढच्याही वर्षी कांदा.

"कुया, जरा वेळ दे ना चिमटा."

"कांदे झाले?"

"सगळे झाले."

"मग अजून चीर."

"अरे, खाणारी माणसं किती, आणि कांदे किती?"

"कांदा कमी पडला असं गुंडाबलमध्ये कधी झालेलं नाही, मारी. माझ्या हयातीत होणार नाही."

सण झाला की माझे दिवस संपायचे. उरलेलं वर्ष मी डंकोच्या स्वयंपाकघरात, फोनच्या शेजारी, तसाच तुपकट लटकायचो. माशा सोडल्या तर माझी चौकशी करायला कोणी यायचं नाही. पण त्या जागेचा एक फायदा होता. फोनवरचं सगळं ऐकू यायचं.

डंकोची मुलगी फियोना कॅनडात असते. तिचं लग्न ठरलं. डंको कधी देशाबाहेर गेला नव्हता, म्हणून त्याने पासपोर्टसाठी सरकारी कचेरीत फोन केला. बराच वेळ वाट बघायला लावणारं संगीत वाजलं. मग एक बाई बोलू लागली आणि डंकोचा चेहरा कच्च्या सॉसेजसारखा होत गेला.

"नागरिक नाही म्हणजे? बाई, मी दरवर्षी नागरिक बनवतो."

"सर, तुम्ही आत्ताच म्हणालात, तुम्ही सॉसेज बनवता."

"लग्नाला जाऊ तरी शकतो ना?"

"जाऊ शकता, सर. परत कसं यायचं, ते बघावं लागेल."

फोन ठेवल्यावर डंकोने मला खिळ्यावरून काढलं आणि हातात धरून नुसता बसून राहिला. तव्याशिवाय त्याने मला हातात घ्यायची ती पहिलीच वेळ. दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मारिविक आंबे घेऊन आली. तिने स्वतः नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, हे डंकोला ठाऊक होतं.

"मारी, समज, माझा एक मित्र आहे."

"ब्लूई?"

"ब्लूई नव्हे. दुसरा."

"तुला दुसरा मित्र नाही, कुया."

"आहे. तो चार वर्षांचा असताना आईबापांबरोबर बोटीने स्कॉटलंडहून आला. आईबापांना वाटलं, पोरगं आपोआप नागरिक झालं. पोराला वाटलं, आईबापांनी केलं असेल. त्याने मतं दिली, कर भरले, क्रिकेटमध्ये इंग्लंड हरल्यावर टेबलावर चढून नाचला. आता कळतंय की तो नागरिक नव्हताच कधी."

मारिविकने आंबा चिरायचा थांबवला. "मित्राचा फोटो आहे?"

"कशाला?"

"अर्जाला लागतो. टोपी काढ, कुया. फोटो मी काढते."

अर्ज गेला. साठी उलटलेल्यांना परीक्षा माफ असते हे कळल्यावर डंको रुसला. "मला काही येत नाही असं वाटतं का त्यांना?" मारिविकने त्याला सहज राष्ट्रगीताचं दुसरं कडवं विचारलं. डंकोने उठून चहाला पाणी ठेवलं.

मंजुरी आली ती नाताळच्या सुमारास, मारिविकची आणि डंकोची एकदमच. आता राहिली फक्त शपथ. ती सव्वीस जानेवारीला घ्यायची, नाहीतर थेट जूनमध्ये. लग्न एप्रिलमध्ये.

"बागेत? सगळ्या गावासमोर?" डंको म्हणाला. "मारी, मी या लोकांना या देशात कसं राहायचं ते शिकवत आलोय. मला विमानतळावरून परत पाठवलं तरी चालेल, पण ब्लूईला कळता कामा नये."

"आणि फियोना?"

डंको उठला. मग टोपी घालून नगराध्यक्षेकडे गेला. मी त्याच्या मागच्या खिशात होतो. का होतो, हे त्यालाच माहीत. मोठी माणसं घाबरली की काहीतरी ओळखीचं बरोबर घेतात.

नगराध्यक्षा ग्लेनिस हार्डकासल सरळ बाई होती. ती म्हणाली, "नियम एवढाच, की शपथ घेताना तू मला दिसला पाहिजेस आणि ऐकू आला पाहिजेस. खुर्चीवर बसून की शेगडीपाशी उभा राहून, ते नियमात नाही. सगळे एका सुरात म्हणतील, त्यात तूही म्हण. नाव मी पुकारणार नाही. प्रमाणपत्र मागाहून पावाच्या पिशवीत घालून देते."

"कोणाला कळणार नाही?"

"डंको, माझं भाषण आजवर कोणाला ऐकू गेलंय का?"

हे मात्र खरं होतं. बागेतला लाउडस्पीकर ब्लूईकडे असायचा आणि तो कधीच धड चालला नव्हता. गुंडाबलमध्ये भाषणं फक्त बघायची असतात, असंच सगळे धरून चालले होते.

सव्वीस जानेवारी उजाडली. ऊन असं, की मी तव्यावर जायच्या आधीच तापलो होतो. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत मारिविक निळा झगा घालून बसली होती. कांदे तिने पहाटेच चिरून ठेवले होते. डंकोने ते सगळे एकदम तव्यावर ओतले, वर चरबीचा गोळा टाकला. धुराचा असा लोट उठला, की झाडावरचे पोपट दुसऱ्या झाडावर गेले. त्या धुरामागे डंको टोपी हातात घेऊन उभा राहिला.

सुरुवातीला व्हर्नामावशी माईकपाशी गेली. ती या जमिनीच्या मूळ लोकांपैकी. तिचे लोक इथे इतके जुने, की तिच्या लेखी गुंडाबल म्हणजे कालपरवा पडलेला तंबू. याच तारखेला गोऱ्यांच्या पहिल्या बोटी इथे लागल्या, म्हणून या तारखेचा तिला राग होता आणि तो ती झाकत नसे.

"तुमचा हा सण, आमचं सुतक," ती म्हणाली. "हे मी दरवर्षी सांगते, तुम्ही दरवर्षी टाळ्या वाजवता. पण ही नवी माणसं काही त्या पहिल्या बोटींतून उतरलेली नाहीत. यांचं स्वागत मी नाही करणार तर कोण करणार, ब्लूई?"

सगळे हसले. बागेच्या पार टोकाला कुत्रा फिरवणारा माणूससुद्धा हसला. इथेच मला शंका यायला हवी होती. ब्लूईने त्या वर्षी नवी वायर टाकली होती.

ग्लेनिस शपथ सांगू लागली आणि पुढच्या रांगेतली माणसं तिच्यामागून म्हणू लागली. या देशाशी आणि इथल्या लोकांशी इमान राखेन, इथले कायदे पाळेन, अशा अर्थाचं ते असतं. मारिविकचा आवाज खणखणीत होता. धुरामागून डंको पुटपुटत होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, हा सॉसेजना काहीतरी कबूल करतोय.

शपथ संपली तशी ग्लेनिसने डोळे बारीक केले. तिला धुराखेरीज काहीच दिसेना. ती माईकवर वाकली आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाली,

"डंको, धुरातून बाहेर ये. मला दिसला नाहीस तर शपथ धरता येणार नाही, तू परदेशीच राहशील."

ते बागेत ऐकू गेलं. रस्त्यापलीकडच्या पेट्रोलपंपावर ऐकू गेलं. टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले. बागेत फक्त सॉसेज बोलत होते.

धूर हळूहळू विरला. मागे डंको उभा, एका हातात टोपी, एका हातात मी.

"परदेशी?" ब्लूई म्हणाला. "कोण, हा?"

"स्कॉटलंडचा आहे," ग्लेनिस म्हणाली. आता लपवून उपयोग नव्हता. "होता. म्हणजे, अजून आहे."

ब्लूईने बराच विचार केला. "मागच्या उन्हाळ्यात मी म्हणालो, फार उकडतंय. तर हा मला म्हणाला, झेपत नसेल तर आपल्या देशात चालता हो." तो सगळ्यांकडे वळला. "माझा जन्म त्या समोरच्या हॉस्पिटलात झालाय."

कोणीतरी फिसकन हसलं. डंको हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे जमिनीकडे बघत होता आणि मधे मी होतो.

"मला वाटलं होतं, मी आहेच," तो म्हणाला. एवढंच.

तेव्हा व्हर्नामावशी खुर्चीतून न उठता बोलली. "माझ्या हिशेबात तुम्ही दोघंही आत्ताच आलात. आता ठरवा लवकर. सॉसेज करपताहेत."

ब्लूईने माईकचा दांडा उचलला, शेगडीपर्यंत आणला, वायर पुरेना तेव्हा लाउडस्पीकरचं टेबलच सरकवलं आणि माईक डंकोच्या तोंडासमोर धरला. "बोल," तो म्हणाला. "आणि मोठ्याने बोल. या लाउडस्पीकरवर मी खर्च केलाय."

मग ग्लेनिसने शपथेची एकेक ओळ सांगितली आणि डंको एकट्याने ती म्हणत गेला. शेवटच्या ओळीला तो अडला, तेव्हा पहिल्या रांगेतली सगळी नवी माणसं, ज्यांची शपथ केव्हाच झाली होती, पुन्हा उठून उभी राहिली आणि ती ओळ त्याच्याबरोबर म्हणाली.

आमच्याकडे नव्या नागरिकाला दोन वस्तू देतात, प्रमाणपत्र आणि इथल्या एखाद्या झाडाचं रोप. ग्लेनिसने प्रमाणपत्र पुढे केलं. डंकोने टोपी डोक्यावर ठेवली आणि ते मोकळ्या हातात घेतलं. मग तिने कुंडी पुढे केली. डंकोच्या दुसऱ्या हातात मी.

सगळं गाव बघत होतं. त्याने मला काखेत धरून पाहिलं. शर्टाला तेल लागलं. दातांत धरायचाही विचार केला असावा, पण मी तापलेलो होतो. ब्लूईने दोन्ही हात पाठीमागे नेले, आपल्याबद्दल गैरसमज नको म्हणून.

मारिविक आपली कुंडी कांद्याच्या टेबलावर ठेवून डंकोसमोर येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला.

"धर," डंको म्हणाला.

"आणि कांदे?"

"मी चिरतो."

तिने मला घेतलं आणि कामाला लागण्याआधी हवेत दोनदा कटकट वाजवलं. या देशात चिमटा हातात आला की प्रत्येक जण तो दोनदा वाजवतो. का, ते कोणालाही सांगता येत नाही. तिलाही कोणी शिकवलेलं नव्हतं.

डंको टेबलापाशी बसून कांदे चिरू लागला. कांद्याची एक सोय असते, डोळे पुसायचं कारण कोणी विचारत नाही. तो एप्रिलमध्ये कॅनडाला गेला, लेकीच्या लग्नात नाचला आणि परत आला. परतीच्या विमानतळावर त्याला कोणी काहीच विचारलं नाही, याचं त्याला अजून जरासं वाईट वाटतं.

मी आता मारिविकच्या स्वयंपाकघरात असतो. ती मला गरम पाण्याने धुते, बिजागरीत अडकलेला कांदा काडीने काढते, पुसून कोरडा करते. मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी चिमटा असेल, तर त्याला एवढं करा. तुपकट लटकवू नका. आणि वर्षानुवर्षं एकाच मुठीतही ठेवू नका. मूठ बदलली म्हणून चिमट्याचं काही बिघडत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. डंकोच्या अंगठ्याने माझ्या दांड्यावर एक खळगा पडला आहे. मारिविकचा अंगठा त्याच्या बोटभर पुढे टेकतो. तिथलं स्टील अजून गुळगुळीत आहे. तिथेही पडेल खळगा, हळूहळू.