कोरड्या भाकरीचा न्याय

चाकणजवळच्या गावात यात्रेचा पहिला नारळ फोडायला यंदा गणराजला बोलावलं आणि बन्सीच्या पोटात असा जाळ पेटला, की शेजारच्या कंपनीच्या भट्टीनं लाजावं.

“हा मान आमच्या आज्यापासनंचा हाय,” तो म्हणाला.

जुन्या युरोपात म्हणे शपथ घ्यायला लावून कोरडा पाव खायला देत. खोटं बोलणाऱ्याच्या घशात तो अडके. हे त्याला कॉलेजातल्या लेकीनं, पुनमनं सांगितलेलं. बन्सीनं देवळात तोच न्याय मागितला: पावाऐवजी भाकरी, आणि दोघांनीही ‘मान माझाच’ अशी शपथ घ्यायची.

गणराजनं शपथ घेऊन शिळी भाकरी मजेत संपवली. “राव, ठेचा हाय का?”

बन्सीचं तोंड जळफळाटानंच कोरडं पडलेलं. पहिलाच घास अडकला. पाणीही गणराजनंच पाजलं.

“ह्यो कायदा पावाचा,” बन्सी खोकत म्हणाला, “भाकरीला लागू न्हाई.”