मानपाड्याच्या टेकडीवरची सोनकी

मित्रांनो, मी एक जुनी सोनकी आहे. जुनी म्हणजे सत्तेचाळीस वर्षांची. खरं तर सोनकीचं रोप पावसाळ्यात उगवतं, भाद्रपदात पिवळंजर्द फुलतं आणि पाऊस सरला की वाळून जातं. तेवढंच आमचं आयुष्य. मी मात्र एका जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने शिवलेली आहे आणि ठाण्यातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागाच्या लोखंडी कपाटात अजून टिकून आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी अतिशय भित्री आहे. माझ्या गोष्टीत तुम्हाला शौर्य सापडणार नाही.

माझा जन्म डोंबिवलीजवळ, मानपाड्यापलीकडच्या एका खडकाळ टेकडीवर झाला. टेकडीच्या उत्तर उतारावर एक दगडी टाकं होतं आणि टाक्याच्या खाली आम्ही शेकडो सोनक्या दाटीवाटीने उभ्या असायचो. त्या सप्टेंबरात एका रविवारी त्र्यंबक सर तिथे आले. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मला पाहून ते ओलसर दगडावर चक्क फतकल मारून बसले. सोनकी सह्याद्रीच्या माथ्यावर मुबलक असते, पण इतक्या खाली, कारखान्यांच्या एवढ्या जवळ ती सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

शेजारी गवत कापणाऱ्या केशरबाई त्यांच्याकडे बघून हसायला लागल्या.

"मास्तर, ती सोनकी हाय. गुरा पन तिला तोंड लावीत नाय. तुमी तिला कशाला नेता?"

केशरबाईंचं बरोबर होतं. आमच्या जातकुळीत विष असतं, ते गुरांच्या यकृताला बाधतं. सरांनी वहीत ते लिहून घेतलं आणि बाईंना त्यांचं नाव विचारलं.

"माजा नाव कशाला? मी काय झाड हाय?" असं म्हणत त्या आणखीच हसल्या. पण नाव सांगितलं त्यांनी.

मग सरांनी खुरप्याने मला मुळासकट उपटलं. माझ्या मुळांनी तोवर उजेड पाहिलेला नव्हता. मी केवढी घाबरले याची कल्पना तुम्हाला येणार नाही. पुढे आणखी वाईट होतं. वर्तमानपत्राच्या घडीत मला आडवं केलं, वर टिपकागद, त्यावर लाकडी फळी, आणि पट्टा करकचून आवळला. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी रोज सकाळी माझा ओला कागद बदलला जाई. तेवढाच काय तो श्वास. खुर्च्या, पलंग, शिलाई मशीन, सगळीकडे वाळत घातलेले कागद. सरांच्या पत्नी सुमतीबाई वैतागून म्हणायच्या, "अहो, माणसांनी बसायचं कुठे ते तरी सांगा!" पण वैतागल्या तरी मला कागदावर शिवलं त्यांनीच, हिरव्या दोऱ्याने, साडीला फॉल लावायच्या बारीक सुईने. फांदीला एकही भोक पडू दिलं नाही. त्याआधी कीड लागू नये म्हणून सरांनी मला विषारी औषधात बुडवलं होतं. मूळची विषारी मी, आणखी विषारी झाले.

सगळ्यात शेवटी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लेबल चिकटलं. सरांच्या टपोऱ्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं: सेनेशिओ ग्रॅहमी. स्थानिक नाव सोनकी, सांगणाऱ्या केशरबाई. मानपाड्याजवळची टेकडी, उत्तर उतार, दगडी टाक्याच्या खाली. १० सप्टेंबर १९७८.

मित्रांनो, हे लेबल नीट लक्षात ठेवा. ते नसेल तर मी म्हणजे मूठभर वाळलं गवत.

नंतरची काही वर्षं मात्र माझं फार कौतुक झालं. दर पावसाळ्यात सर मला टेबलावर ठेवायचे आणि मुलांना विचारायचे, "यात फुलं किती?" मुलं माझे पिवळे गेंद मोजून "अकरा" म्हणायची. सर खूश व्हायचे, कारण उत्तर चुकलेलं असायचं. मग ते भिंग देऊन दाखवायचे. ज्याला आपण सोनकीचं एक फूल म्हणतो ती कितीतरी बारीक फुलांची गर्दी असते. कडेची पाकळी वाटते ते एक स्वतंत्र फूल आणि मधल्या पिवळ्या बटणातला प्रत्येक ठिपकाही एक फूल. खाली हिरव्या छदांची, म्हणजे इवल्या पानांची एकच ओळ, कुंपणासारखी. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, माका ही सगळी याच कुळातली माझी भावंडं. बी धरलं की आमच्या डोक्यावर पांढरे केस येतात आणि वाऱ्यावर उडतात. म्हातारा माणूस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आमच्या प्रजातीला सेनेशिओ म्हणतात. तुम्हीही अशा उडत्या बियांना म्हातारी म्हणता, नाही का?

सर निवृत्त झाले आणि कपाटाचं दार उघडेनासं झालं. अंधारात मला तीन गोष्टींची भीती वाटे. एक दमटपणाची, दुसरी कागद खाणाऱ्या कसरीची. कसर माझ्या वरच्या कागदात चालायची तेव्हा तिचे पाय मला ऐकू यायचे. डांबरगोळ्या विरून गेल्या होत्या, नव्या कुणी टाकल्या नव्हत्या. तिसरी भीती विसरलं जाण्याची होती. माझ्या शेजारी माका होता, उल्हास नदीच्या काठावरचा. आपलं तेल लोक डोक्याला लावतात या गोष्टीचा त्याला भारी अभिमान. "आपल्याला कोण टाकतंय?" असं तो मला धीर द्यायचा. मी धीर घेतल्यासारखं करायचे.

यंदा जुलैत कपाट उघडलं. कॉलेजात तपासणीला समिती येणार होती. विभागप्रमुख शुभदा मॅडमनी आमच्यासमोर सूचना दिली, "कपाटात एकही चुकीचं नाव राहता कामा नये." आणि त्या मीटिंगला निघून गेल्या. कामाला दोघं होती. साकेत हा एम.एस्सी.चा विद्यार्थी आणि ऐश्वर्या ही विभागाची नवी लॅब असिस्टंट. साकेतच्या लॅपटॉपवर आजच्या मान्य नावांची यादी होती. ऐश्वर्या लेबल वाचायची, तो यादीत शोधायचा.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. झाडांची शास्त्रीय नावं कधी कधी बदलतात. ग्रॅहमी हे नाव आमच्याही आधी परदेशातल्या एका झाडाला दिलेलं होतं. दोन झाडांचं नाव एक असून चालत नाही, म्हणून आम्हाला सेनेशिओ बॉम्बेएन्सिस हे नवं नाव मिळालं. सरांनी जुना ग्रंथ पाहून जुनं नाव लिहिलं होतं. कपाटातल्या मला हे कळणार कुठून?

आधी माक्याची पाळी आली.

"एक्लिप्टा आल्बा," ऐश्वर्या म्हणाली.

"नाहीये लिस्टमध्ये. प्रोस्ट्राटा आहे. चुकीचं नाव. काढ." साकेतने लेबल टर्रकन फाडलं. "शीट चांगलीये, नवीन स्पेसिमेनला वापरू." त्याने कात्रीने दोरे कापले. माका सुटला आणि बादलीत पडला. पडताना त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. आणखी चार जण त्याच्यावर पडले.

मित्रांनो, मला पळता येत नाही. ओरडता येत नाही. थरथरले तरी एखादं पान गळून पडेल एवढंच. साकेतचा हात माझ्या कागदावर आला. तो काही दुष्ट मुलगा नव्हता, उलट मन लावून काम करत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सेनेशिओ ग्रॅहमी," ऐश्वर्याने वाचलं.

"ग्रॅहमी... नाहीये. काढ."

त्याच्या नखाने लेबलाचा कोपरा उचलला. टर्र असा बारीकसा आवाज झाला.

"अरे थांब, थांब ना!" ऐश्वर्या कागदावर वाकली. "मानपाडा लिहिलंय इथे. दगडी टाकं. साकेत, हे टाकं आमच्या बिल्डिंगच्या मागे आहे! अर्धं बुजवलेलं, कचरा टाकतात त्यात. मी लहानपणापासून राहते तिथे, हे असलं पिवळं फूल कधीच नाय बघितलं."

"मग काय झालं? नाव तर राँगच आहे ना?"

"नाव राँग असेल. पण जागा? ती पण राँग आहे काय?"

साकेतचं नख तिथेच थांबलं. तेवढ्यात शुभदा मॅडम परतल्या. त्यांनी बादलीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसून लेबलाचे तुकडे उचलायला लागल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी नीट सांगितलं नाही तुम्हाला. जुनं लेबल आपण कधीही काढत नाही रे. नाव बदललं की शेजारी नवी चिठ्ठी लावायची. नवं नाव, आपली सही, तारीख. आधीच्याने काय लिहिलं ते तसंच राहू द्यायचं."

"सॉरी मॅडम," साकेत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "हे परत चिकटवतो मी." पण माक्याचा चुरा झाला होता आणि चौघांच्या चुऱ्यात तो मिसळून गेला होता.

माझ्या लेबलाचा कोपरा त्याने खळीने बसवला. शेजारी एक चिठ्ठी लागली: सेनेशिओ बॉम्बेएन्सिस, साकेत, जुलै २०२५. नव्या डांबरगोळ्या आल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. माक्याची जागा रिकामी होती, तरीही टाकला, हे मी लपवणार नाही.

भाद्रपद सरत आला. कपाटाचं दार उघडून ऐश्वर्याने मला बाहेर काढलं. तिच्या चपलांना लाल माती लागली होती. माझ्या लेबलाचा फोटो घेऊन ती तीन रविवार टेकडीवर फिरली होती. उत्तर उतार, टाक्याची खालची बाजू, पार्किंगची भिंत, भिंतीमागची घळ.

"काही नाही मॅडम," ती म्हणाली. "एक पण नाही."

मॅडमनी माझा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "हेही लिहून ठेव." ऐश्वर्याने छोटी चिठ्ठी लिहून माझ्या कागदावर चिकटवली: याच जागी शोधली. सापडली नाही. ऐश्वर्या, सप्टेंबर २०२५.

मित्रांनो, उपटताना मी घाबरले, पट्टा आवळताना घाबरले, कसरीला आणि कात्रीला घाबरले. पण ही चिठ्ठी वाचून जी भीती वाटली तशी कधीच वाटली नव्हती. सत्तेचाळीस वर्षं मी एकाच गोष्टीवर धीर धरून होते. माझं काहीही होवो, मी नुसता नमुना आहे. टाक्याखाली माझ्या शेकडो बहिणी दर भाद्रपदात फुलत असतील, उडत असतील.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरामागे, भिंतीच्या कडेला, टेकडीच्या उतारावर जे काही फुलत असेल ते तोडू नका. त्याच्याजवळ बसा, एखाद्या केशरबाईला त्याचं नाव विचारा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. नाव चुकलं तर चुकू दे. ते दुरुस्त करायला कुणीतरी येईल. आणि मानपाड्याकडे कधी गेलात तर त्या टाक्याच्या खाली एकदा बघाल का? ऐश्वर्याच्या नजरेतून एखादी सुटली असेल. माझ्या कागदावर अजून एका चिठ्ठीपुरती जागा शिल्लक आहे.