पत्र्याची तोटी, अर्धी वाटी

मित्रांनो, माझ्या तोटीकडे बघून हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. ती पत्र्याची आहे. बाकी अंगाने मी मातीची, निळ्या झिलईची, उझ्बेक मुलखातल्या रिश्तोन गावच्या कुंभाराने चाकावर घडवलेली चहाची किटली आहे आणि या घरातल्या निम्म्या माणसांपेक्षा वयाने मोठी आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा मी देखणी होते. उस्तादाने मला उन्हात धरून फिरवले आणि स्वतःशीच मान डोलावली. पुढे होसियतच्या लग्नात मी या घरी आले. लग्नानंतर नव्या सुनेने अंगणात सासरच्या सगळ्यांपुढे वाकून सलाम करायचा आणि चहा द्यायचा, ही आमच्या खोऱ्यातली रीत. होसियतचे हात असे थरथरत होते की तिने मला खांबावर आपटले आणि माझी तोटी तुटली. सासू तेवढी म्हणाली, "किटली तुटली तर तुटली. पोर धड आहे ना?" आणि तिने फुटकी भांडी सांधणाऱ्याकडून मला ही पत्र्याची तोटी बसवून घेतली.

त्यानंतर मी खूप राबले. बारशांचा चहा मी ओतला, मयताला आलेल्यांचाही मीच ओतला. मग बाजारातून सोनेरी फुलांची चकचकीत किटली आली आणि मी मागच्या फळीवर गेले. मला खाली काढत ते फक्त नकोशा माणसांसाठी. मीटर बघणारा, गालिचे विकणारा, असले. तेव्हा मला फार वाईट वाटे. पण गळायचे नाही, असे मी ठरवलेच होते, आणि आजवर माझ्यातून एक थेंब गळलेला नाही.

तोवर होसियत स्वतः सासू झाली होती. मुलगा ताश्कंदला बांधकामावर, घरात सून मोहलार, आठवा महिना लागलेली. मोहलारचे पाय सुजले होते. मला उचलताना ती मध्येच थांबे आणि डोळे मिटून घेई. डोळ्यांपुढे माशा उडतात म्हणायची. मला तिची काळजी वाटे, पण किटलीला कोण विचारतो?

होसियतला दवाखान्याची माणसे घरात नको होती. आधीची नर्स बुटांसकट खोलीत शिरली होती आणि शेजारणींसमोर होसियतला अडाणी म्हणाली होती. तो घाव ती विसरली नव्हती.

अशात नवी नर्स आली. रिम्मा तिचे नाव. ताश्कंदकडची कोरियन मुलगी, रशियन बोलण्यात वाढलेली. उझ्बेक मात्र तिने जिद्दीने शिकून घेतली होती. फाटक ढकलून ती सरळ अंगणात आली आणि एका दमात म्हणाली, "मेनिंग इस्मिम रिम्मा. माझं नाव रिम्मा. मी नवी नर्स. तुमची सून कुठंय? रक्तदाब बघायचाय."

भाषेत काही चूक नव्हती. होसियतचा चेहरा मात्र कठोर झाला. "बसा. चहा घ्या," ती म्हणाली आणि फळीवरून मला काढले. मला तेव्हाच कळले. तिने वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे हवाहवासा पाहुणा असला की वाटीत थोडाच चहा ओततात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि बसून राहील. काठोकाठ वाटीचा अर्थ एकच, पी आणि नीघ.

रिम्मालाही ते ठाऊक होते. तिने वाटी शांतपणे रिकामी केली. "भरलेली वाटी कळली मला, खोला," ती म्हणाली. खोला म्हणजे आमच्याकडे मावशी. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी आली. पुन्हा मी, पुन्हा काठोकाठ. जाताना ती शेजारच्या बाहरीच्या तंदूरपाशी थांबली. कुंपणापलीकडचे बोलणे मला स्वच्छ ऐकू येत होते.

"ओपा, माझं काय चुकतंय?" तिने बाहरीला थोरली बहीण म्हणत विचारले.

बाहरी रोट्या लावता लावता हसली. "अगं, दारातच नाव फेकतेस! विचारपूस नाही, काही नाही, वसुलीला आल्यासारखी. नाव काय पळून जातंय? आधी माणसाला विचार, त्याच्या घरादाराला विचार. नाव शेवटी."

"आणि त्या उत्तरच देणार नाहीत, तर?"

"तरी विचारत राहा. किती वेळ गप्प बसेल ती? बाईच आहे ना?"

तिसऱ्या दिवशी रिम्मा फाटकाबाहेरच उभी राहिली. उजवा हात छातीवर ठेवून किंचित वाकली. "अस्सलोमु अलैकुम, खोला. बऱ्या आहात ना? दमला नाहीत ना? गुडघे कसे आहेत?"

होसियत अंगण झाडत राहिली.

"मुलगा खुशाल आहे ना? फोन येतो ना त्याचा? वासरू पितंय ना नीट? द्राक्षाचा मांडव या वर्षी चांगला धरलाय, नजर न लागो."

झाडू हळू झाला.

"झोप लागते ना? तंदूर तापतोय ना नीट? शेजारपाजार बरा आहे ना?" शब्द अडखळत होते, पण ती थांबत नव्हती. मी फळीवरून मनात म्हणत होते, थांबू नकोस पोरी, आणखी विचार.

विचारपुशीला उत्तर न देता उभे राहणे आमच्या बायकांना जमतच नाही. होसियत शेवटी म्हणाली, "बरं आहे. गुडघे मेले ऐकत नाहीत. तुम्ही बऱ्या ना? आई-वडील बरे?" मग दोघी एकदमच बोलू लागल्या, एकमेकींच्या प्रश्नांवर प्रश्न घालीत. तशीच पद्धत आहे.

"ये, आत ये. कुणाची गं तू?"

"कांदेवाल्या आफानासीची. चिरचिक नदीच्या काठी आमची शेती. आजोबा लहान असताना सरकारनं त्यांच्या घरच्यांना, सगळ्याच कोरियन लोकांबरोबर, आगगाडीतून या मुलखात आणून सोडलं होतं. थंडी होती. एका उझ्बेक खोलानं त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. आजोबा मरेपर्यंत तिची आठवण काढूनच रोटी मोडायचे."

होसियतने झाडू भिंतीला टेकवला. "आणि नाव काय म्हणालीस?"

"रिम्मा."

होसियतने मला खाली काढले. सोनेरी किटली शेजारीच होती, पण सवयीने तिचा हात माझ्याकडेच आला. तिने वाटीत दोन घोट चहा ओतला. वाटी घेताना रिम्माचा हात इतका थरथरला की त्यातलाही निम्मा बाजेवर सांडला. ती ओशाळली. होसियतने माझ्या तोटीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग पुन्हा अर्धीच वाटी ओतत म्हणाली, "सांडू दे. पोर धड आहे ना?" आणि आत वळून हाक मारली, "मोहलार, बाहेर ये. आपल्याकडे पाहुणी आलीय."

रक्तदाब फारच वाढलेला निघाला. रिम्माने लगेच फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली आणि मोहलारचा हात धरून गाडीत बसली. आणखी थोडे दिवस गेले असते तर बाळ आणि बाळंतीण दोघेही हाती लागले नसते, असे मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला. नात झाली. छोटीशी, पण आवाजाने खणखणीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी होसियतने चहा केला, मला रजईच्या तुकड्यात गुंडाळले आणि ती इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहिली. छातीवर हात ठेवून तिने रखवालदाराची चौकशी सुरू केली. तब्येत कशी, मुले कशी, रात्रपाळी झेपते ना.

"आजी, माझी रांग वाढतेय," तो म्हणाला. "कुणाच्या तुम्ही, ते सांगा."

मला वाटले, ती मुलाचे नाव सांगेल, नाहीतर नवऱ्याचे.

होसियत ताठ उभी राहिली. "ती काल गाडीतून आलेली रिम्मा नर्स आहे ना, आफानासीची पोर? तिची खोला मी."

रखवालदाराचा हात आपसूक छातीवर गेला आणि त्याने फाटक उघडले.

मित्रांनो, आता मी पुढच्या फळीवर असते. सोनेरी किटली मीटरवाल्यासाठी निघते. तुमच्या घरात माझ्यासारखे सांधलेले काही असेल तर ते टाकू नका, ते अजून गळत नसेल. आणि तुमच्या दारात कुणी तुमच्याच भाषेत अडखळत स्वतःची ओळख सांगू लागले, तर त्याला वाक्य पुरे करू द्या. त्याची वाटी अर्धीच भरा.