हरभऱ्यातला बिबट्या

शालूबाईंच्या हरभऱ्यावर त्या वर्षी साऱ्या मलकापूरचा जीव जडला होता.

चिंचमळ्याचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि मलकापुरातल्या नव्या फ्लॅटमधली माणसं सकाळी फिरायला थेट वाडीपर्यंत येऊ लागली. रस्ता जातो शालूबाईंच्या रानाला खेटून. जानेवारीत घाटे भरले, तशी पांढऱ्या बुटांची ही मंडळी बांधावर थबकायची, एक डहाळा उपटायची, सोलत सोलत पुढं जायची. वर फोन उंच धरून व्हिडिओ काढायची, "बघा, गावाकडची मजा!" शालूबाई हटकायला गेल्या, की "मावशी, एकच घेतला हो," असं इतक्या गोड आवाजात सांगायची, की पुढचं भांडण घशातच अडकायचं. एकच, एकच करत बांधाकडच्या ओळी बोडक्या झाल्या. शेवटी त्यांनी सुनेकडून, रेश्माकडून, पाटी रंगवून घेतली : 'येथे डहाळे उपटू नये'. दुसऱ्या दिवशी लोकांनी हातात डहाळा धरून त्या पाटीशेजारी फोटो काढले.

"ह्यास्नी आता वाघच पायजे," शालूबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या.

कारण त्यांना घोडा आठवला. मागच्या महिन्यात नवऱ्याच्या, म्हणजे आकाराम हवालदारांच्या वाढदिवसाला रेश्मानं फोनला नुसतं सांगून त्यांना फोटोत पांढऱ्या घोड्यावर बसवलं होतं. आकाराम बावीस वर्षं फौजेत होते, पण घोड्यावर कधी बसले नव्हते. तरी फोटोत असे रुबाबात बसले होते, की पाव्हणेरावळे विचारत होते, घोडा विकत घेतला का म्हणून. सांगेल तसा फोटो बनवणारं तेच ॲप रेश्मानं सासूच्या फोनमध्येही टाकून दिलं होतं.

शालूबाई रानात गेल्या. आपल्या हरभऱ्याचा, पाटीसकट, एक फोटो काढला. मग इकडंतिकडं बघून फोन तोंडाजवळ धरला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यात एक बिबट्या बसीव."

फोननं बसवला. पण तो बिबट्या डोळे मिटून, मन लावून हरभरा खात होता.

"आरं मुडद्या, त्यो काय शेरडू हाय?" शालूबाई फोनवर खेकसल्या. "खाताना नगं. रागानं बगताना दाव!"

दुसरा बिबट्या असा काही निघाला, की खुद्द शालूबाईंनीच एकदा मागं वळून बघितलं.

हा फोटो त्यांनी फक्त एकीला पाठवला. शेजारच्या अंजनाला. सोबत बोलून ठेवलं, "अंजना, संबाळून गं बाई. आमच्या रानात ह्ये दिसलं." अंजनाच का, तर तिच्या कानात गेलेली गोष्ट चहाला उकळी फुटायच्या आत वेशीपर्यंत पोचते. चार दिवस फिरणारे येणार नाहीत, तेवढ्यात घाटे वाचतील, इतकाच शालूबाईंचा हिशेब. त्या खुशीत घरी आल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

तव्यावरची भाकरी फुगायच्या आत फोन खणखणू लागला. 'आपला चिंचमळा' या वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर बिबट्या आला होता. थोड्या वेळानं तो शेजारच्या गावच्या गटावर गेला, तिथून कऱ्हाडच्या. जाईल तिथं वाढत गेला. शालूबाईंनी एक सोडला होता, त्याचे दोन झाले. मग त्यातली एक मादी निघाली आणि तिला पिल्लं झाली. कुणी लिहिलं, रात्री डरकाळी ऐकली. कुणी लिहिलं, आमच्या गोठ्यामागं पंजाचा ठसा आहे, आणि सोबत ज्याचा फोटो टाकला तो पोह्यांच्या ताटाएवढा खड्डा होता. वरच्या आळीतल्या विश्वजीतनं तर आवाजच पाठवला. धापा टाकत तो सांगत होता, "गड्यांनो, आत्ता माझ्या गाडीच्या मागं लागला हुता! पार वड्यापतूर! आरशात दिसत हुता मला!"

शालूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या चुलीपुढं गदगदत राहिल्या. माझा बिबट्या, फोनमधला, आणि ह्याच्या गाडीमागं धावला!

पण तेवढ्यात आकाराम आतून बाहेर आले. कमरेला फौजेतला जुना जाड पट्टा, पायांत बूट, हातात काठी.

"आवं, हे काय?"

"रानाकडं कुनी जायचं न्हाई," आकाराम म्हणाले. "तू तर मुळीच न्हाई. गावची पोरं आलीत, मी पहारा लावतोय."

त्यांचा चेहरा असा उजळला होता, की गेल्या कित्येक वर्षांत शालूबाईंनी तो तसा पाहिला नव्हता. आता हे कसं सांगायचं? त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. पाठोपाठ राजस्थानातून मुलाचा, ऋषिराजचा फोन आला. तोही फौजेत. "आई, घराबाहेर पडू नगं. आमच्या पलटणीतल्या कऱ्हाडच्या पोरानं फोटो दावला. आपलंच रान हाय गं त्ये!" सरहद्दीवर उभा राहणारा मुलगा आईसाठी घाबरला होता, आणि शालूबाईंच्या पोटातलं हसू एकदम थंड झालं.

तेवढ्यात रेश्मा स्वयंपाकघरात आली. फोटो तिनं बोटांनी मोठा केला होता.

"आत्या, ही पाटी वाचा जरा."

शालूबाईंनी वाचली. बिबट्यामागच्या पाटीवर लिहिलं होतं : 'येथे हाडळे उटपू नये'.

"मी असं रंगवलं नव्हतं," रेश्मा म्हणाली. "फोननं चित्र केलं की अक्षरं अशी बोबडी होत्यात." तिनं सासूकडं बघितलं, सासूनं भाकरीकडं. मग रेश्मा जी हसत खाली बसली, ती उठेचना. डोळे पुसत पुसत तिनं विचारलं, "हाडळे म्हंजे काय, आत्या?"

"हासू नगं गं. आता काय करू?"

"करायचं काय? आत्ताच्या आत्ता गटावर सांगायचं."

"तुझ्या मामंजींनी पट्टा बांधलाय. साऱ्या गावापुढं त्यास्नी कसं वाटंल? उंद्या सांगती."

"उद्यापर्यंत लय उशीर हुईल," रेश्मा म्हणाली. तिचं हसणं थांबलं होतं.

आणि झालंही तसंच. दुपारी वनखात्याची गाडी आली. गाडीतून उतरल्या वनरक्षक प्रियदर्शनी, सांगलीकडच्या, वयानं तिशीच्या आतल्या, शांत. साऱ्या वाडीनं त्यांना गराडा घातला. त्यांनी आधी बांध बघितला, माती बघितली, ठसे शोधले. काहीच सापडेना. मग विचारलं, "फोटो कोणी काढलाय?"

"मला ह्यानं पाठवला."

"मला विश्वजीतनं."

"मला मावशीच्या गटावरनं आला," विश्वजीत म्हणाला.

"अहो, पाठवला कोणी ते नाही विचारत मी. बघितला कोणी? डोळ्यांनी?"

गर्दी एकमेकांकडं बघू लागली. बोटं फिरत फिरत अंजनावर आली. अंजनानं मान वळवली ती शालूबाईंकडं. शालूबाईंनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी पलीकडच्या उसातून कुणीतरी ओरडलं, "वाघ्या ऽऽ! आरं वाघ्या ऽऽ!"

"वाघ! वाघ हाय म्हनतोय!"

गर्दी उधळली. निम्मी घराकडं पळाली, निम्मी काठ्या घेऊन उसाकडं. विश्वजीत दोन्हीकडं पळून बघत होता. प्रियदर्शनी ओरडत होत्या, "थांबा, कुणी पुढं जाऊ नका!" पण ऐकतंय कोण? उसाच्या कोपऱ्याला पाचट हललं, तपकिरी पाठ दिसली, आणि दगड सुटले. आतून केकाटणं ऐकू आलं.

ते केकाटणं शालूबाईंना ओळखू आलं. माणदेशातून आलेल्या मल्हार मेंढक्यानं पलीकडच्या ऊस तुटलेल्या फडात मेंढरं बसवली होती. त्याचा कुत्रा रोज सकाळी त्यांच्या दारात शिळी भाकरी खाऊन जायचा. त्याचं नाव वाघ्या. मल्हार त्यालाच हाका मारत होता.

शालूबाई लुगड्याचा काष्टा सावरत धावल्या. काठ्या उगारलेल्या माणसांच्या मधून घुसल्या आणि कुत्र्यापुढं दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"थांबा रं! त्यो कुत्रा हाय! बिबट्या न्हाईच! बिबट्या माझ्या फोनातला हाय!"

काठ्या हवेत तशाच राहिल्या.

"मी क्येला," शालूबाई धापा टाकत म्हणाल्या. "फोनला सांगून. डहाळं वाचवायला."

मल्हार धावत आला आणि कुत्र्याला त्यानं पोटाशी धरलं. पायाला खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. शालूबाईंनी त्याच्यापुढं हात जोडले. "चुकलं माझं, बाबा."

"जीव वाचला न्हवं, मावशी," मल्हार म्हणाला. "पर असला ख्योळ नगा करू."

प्रियदर्शनी जवळ आल्या. आवाज चढवला नाही, पण हसल्याही नाहीत. "काकी, ह्या पट्ट्यात खरे बिबटे आहेत. उद्या खरा आला आणि गावानं म्हटलं, असेल फोनातला, तर?" शालूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. गर्दीच्या पलीकडं आकाराम उभे होते. त्यांनी पट्टा सोडला, हातावर गुंडाळला आणि घरी निघून गेले.

हे सगळं कुणीतरी फोनवर टिपत होतं. संध्याकाळपर्यंत 'बिबट्यावाली आजी' बिबट्यापेक्षाही लांब पोचली. हसणारे हसले, ते ठीक. पण खाली लिहिणाऱ्यांनी ताळ सोडला. ज्यांनी शालूबाईंना जन्मात पाहिलं नव्हतं, ते त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. वाडीचा गटही मागं नव्हता. सकाळी बिबट्या डोळ्यांनी बघितलेलीच माणसं आता शालूबाईंना आणि अंजनाला नको ते बोलत होती. अंजना रडत घरी आली. "आक्का, म्या खरं समजून पाठवलं गं. भाचा म्हनतो, मावशी, तुला अक्कल न्हाई."

रेश्मानं सासूचा फोन लपवला होता. "आण इकडं," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं वाचलं. कान तापले. मग अंजनाला शेजारी बसवून, फोन तोंडाजवळ धरून, त्या गटावर बोलल्या. या वेळी मोठ्यानं.

"मी आकारामाची शालू बोलती. फोटू माझा. माझी चूक. घाबरला असशीला, त्या समद्यांची माफी मागती. मला काय बोलायचं त्ये दारात येऊन बोला, मी च्या करती. पर अंजनाला कुनी काय बोलायचं न्हाई. तिला म्याच फशिवलं."

आणि मग आलं गटाच्या ॲडमिनचं, म्हणजे आकाराम हवालदारांचं लेखी फर्मान. बाहेर कट्ट्यावर बसून ते एका बोटानं बराच वेळ काहीतरी टाइप करत होते, ते हे : 'गटात आयाबहिणींवरून बोलणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल. तिने एकीस पाठवला. बाकीच्यांस कोणी पाठवला? ज्याने ज्याने न विचारता पुढे ढकलला त्याने हात वर करावा. मी पहिला.'

खाली एक हाताचं चित्र.

रेश्मा, शालूबाई, अंजना एकाच फोनवर डोकी घालून बसल्या होत्या. मग अंजनानं हात टाकला. मग गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमननं. मग धडाधड हात येऊ लागले. पिवळे हात, गोरे हात, काळे हात. कुणाचा घाईत चुकून नमस्कार, कुणाचा केक. ऋषिराजनं राजस्थानातून पाठवला. पडदा हातांनी भरून वाहू लागला आणि तिघी हसू लागल्या. सगळ्यात शेवटी विश्वजीत आला. त्यानं लिहिलं, 'माझ्या मागे लागला होता तो बहुतेक माझाच मफलर असावा.'

बाहेर कट्ट्यावर कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग आकाराम मोठ्यानं हसले. इतके, की शालूबाई धावत बाहेर गेल्या. ते मांडीवर थापा मारत होते, बोलता येत नव्हतं.

"मफलर..." एवढंच निघालं. शालूबाई शेजारी टेकल्या, आणि दोघंही हसत राहिले.

रविवारी शालूबाईंनी मलकापूरच्या फिरणाऱ्यांना बांधावर थांबवलं. "एकच न्हाई, पोटभर खावा. पर मागून खावा." रानात जाळ केला आणि डहाळे घाट्यांसकट भाजून हरभऱ्याचा हावळा केला. मल्हार आला, अंजना आली. प्रियदर्शनी ताई ड्युटीवर होत्या, तरी मूठभर घाटे घेऊन गेल्या, आणि जाताना खरा बिबट्या दिसला तर कुणाला फोन करायचा तो नंबर साऱ्यांना देऊन गेल्या. पांढऱ्या बुटांतले एक काका चार घाटे खाऊन हळूच पुढं आले. "मावशी," त्यांनी विचारलं, "एक फोटो काढू का तुमचा? कुठं टाकला तर चालेल?"

शालूबाईंचे ओठ, नाक, हनुवटी हावळ्याच्या काजळीनं काळीभोर झाली होती. त्यांनी थोडा विचार केला.

"काढा," त्या म्हणाल्या. "पर टाकायचा न्हाई. घरी न्हिऊन बायकोला दावा."

काकांनी मान डोलावली. शालूबाई तोंडभर हसल्या आणि फोटोपुरतं नवऱ्याला ओढून शेजारी उभं केलं.